तारेवरची कसरत : ‘नेट चालत नाही’ म्हणजे नक्की काय चालत नाही?

या महिन्यात पत्रांचा पाऊसच पडलाय आणि त्यातली निम्म्याहून जास्त हॉस्टेलवाल्यांची. साहजिक आहे म्हणा, ॲडमिशनं उरकली, पोरं गादी-बादली घेऊन हॉस्टेलात शिरली, पहिले आठ दिवस घरची आठवण आणि नवव्या दिवशी वायफाय. मी स्वतः अकरा वर्षं कोकणातल्या एका कॉलेजच्या नेटवर्क रूममध्ये काढलीत (कुठल्या ते विचारू नका, तिथली माणसं अजून माझ्याकडे चहाला येतात), त्यामुळे टेबलाच्या अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही मला माहितीये. म्हणून यावेळी फक्त हॉस्टेल. ज्यांनी टीव्हीच्या रिमोटबद्दल लिहिलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न : ताई, ॲडमिशनच्या वेळी फॉर्मवर मोबाईलचा मॅक ॲड्रेस लिहून घेतला. मी सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मधून बघून बरोब्बर लिहिला, तीनदा तपासला. तरी वायफायला जोडलं की ‘डिव्हाइस नॉट रजिस्टर्ड’. माझ्या रूममेटचं मस्त चालतं, तिने तर फॉर्म माझं बघूनच भरला होता. ऑफिसात गेले तर म्हणाले तूच नंबर चुकवलास. मी नाही चुकवलेला! — फर्स्ट इयरवाली, गाव राजापूर

उत्तर : नाही चुकवलास. आणि ऑफिसवालेही खोटं बोलत नाहीयेत, गंमत तीच आहे. मॅक ॲड्रेस म्हणजे फोनच्या वायफाय चिपला कारखान्यातच मिळालेला नंबर, आधार नंबरसारखा समज. तू फॉर्मवर तोच लिहिलास. पण ॲन्ड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनात २०२० च्या आयओएस १४ पासून, फोन वायफायला आपलं खरं नाव सांगतच नाही, प्रत्येक नेटवर्कसाठी एक वेगळं टोपणनाव तयार करतो आणि तेच सांगतो. का, तर तू मॉलमध्ये, स्टेशनात, हॉटेलात जाशील तिथलं वायफाय त्या एका नंबरावरून ‘ही काल इथे होती, परवा तिथे होती’ असा माग काढू शकायचं, ते बंद व्हावं म्हणून. सोय चांगलीच आहे. पण हॉस्टेलच्या यादीत तुझं खरं नाव लिहिलेलं आणि दारात तू टोपणनाव सांगतेस, मग वॉचमन आत सोडेल का? रूममेटचा फोन जुना असणार, जाऊन बघ.

आता कर असं की वायफाय सेटिंगमध्ये हॉस्टेलच्या नेटवर्कच्या नावापुढचं चक्र दाब, आत कुठेतरी प्रायव्हसी सापडेल (प्रत्येक कंपनीने वेगळ्या कोपऱ्यात लपवलंय), त्यात रँडमाइज्ड मॅकच्या जागी फोनचा मॅक निवड आणि परत जोड. आयफोन असेल तर ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ ऑफ. फक्त या एका नेटवर्कसाठी हं, बाकीकडे राहू दे तसंच.

याच्याच पोटात दुसरी भानगड आहे, ती तू नाही पण बाकी पुष्कळांनी विचारलीय. हॉस्टेलात तीन डिव्हाइसची मर्यादा, आणि पोरं म्हणतात माझी तर दोनच आहेत, भरली कशी? अरे, विंगमधलं वायफाय एका नावाचं, मेसमधलं दुसऱ्या नावाचं, फोनचं टोपणनाव नेटवर्कागणिक वेगळं, म्हणजे एकच फोन दोनदा मोजला गेला, वर लॅपटॉप, झाले तीन, आणि मग ताईकडून आलेला टॅब लावायला गेलात की दार बंद. ऑफिसात जाऊन ‘माझ्या नावावर कुठली डिव्हाइसं चढलीत ती दाखवा आणि जुनी काढा’ एवढंच म्हणायचं. दोन मिनिटांचं काम असतं, पण ‘वायफाय चालत नाही’ म्हणालात तर दोन दिवस लागतात.

प्रश्न : वायफाय जोडलं जातं पण लॉगिनचं पानच उघडत नाही. — तिघांची पत्रं, प्रश्न एकच

उत्तर : कधीतरी कुणीतरी सांगितलं म्हणून जाहिराती घालवायला फोनात प्रायव्हेट डीएनएस (साइटचं नाव शोधून देणारी बाहेरची सेवा) टाकलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. तो काढा, व्हीपीएन असेल तर तोही. तरी नाही आलं तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा, ती साइट मुद्दाम कुलपाशिवाय, म्हणजे एचटीटीपीएसशिवाय ठेवलीय, त्यामुळे हॉस्टेलच्या सिस्टीमला तुम्हाला मध्येच पकडून लॉगिनच्या पानावर न्यायला जमतं. कुलूपवाल्या साइटवर ते जमत नाही, नुसत्या वॉर्निंगा येतात. आणि लॅपटॉप जुना असेल तर आधी तारीख बघा. आतला सेल संपला की तो बंद करून चालू केल्यावर भलत्याच सालात उठतो आणि मग जगातली प्रत्येक साइट त्याला संशयास्पद वाटते.

प्रश्न : आमची रूम कॉरिडॉरच्या टोकाला, राउटर जिन्यापाशी. पलंगावर एक काडी, दारात दोन, बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहिलं की फुल. त्यामुळे रात्री अर्धी विंग जिन्यात बसलेली असते, डास खात. पाऊस लागला की पलंगावरची काडीपण जाते. आम्ही चौघं मिळून राउटर घेऊन रूममधल्या लॅनच्या सॉकेटला लावायचं म्हणतोय. कुठला घेऊ? बजेट पंधराशे. — इंजिनिअरिंगवाले चौघे, गावं चिपळूण, गुहागर, लांजा आणि पुन्हा चिपळूण

उत्तर : घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी घेऊ नका.

आधी भिंत. आपल्याकडची जुनी हॉस्टेलं चिऱ्याची. जांभा दगड उन्हाळ्यात खोली गार ठेवतो म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण वायफायच्या लहरींना ती जाडजूड भिंत म्हणजे घाटच. त्यात जांभा भोकाभोकांचा, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि पाण्यात या लहरी जिरतात. म्हणजे तुमची पावसाळ्यातली तक्रार मनाचे खेळ नाहीत, खरीच आहे. यावर फुकटातला उपाय एवढाच की वायफायची दोन नावं दिसत असतील, एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं, तर टोकाच्या खोलीत साधं पकडा. ते २.४ गिगाहर्ट्झचं असतं, वेग कमी पण भिंतीतून निभावतं. ५ वालं वेगवान पण नाजूक, दोन भिंतींत गळपटतं. (आणि त्या ५जीचा मोबाईलच्या फाइव्हजीशी काही संबंध नाही, कृपया यावर वाद घालून मला पत्र पाठवू नका.)

आता राउटर. माझ्या त्या अकरा वर्षांतली सगळ्यात वाईट रात्र सांगते. प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अख्ख्या बी विंगचं नेट गेलं. गेलं म्हणजे वायफाय जोडलेलं दिसतंय, वायर जोडलेली दिसतेय, पण काहीच उघडत नाही. काही जणांचं चालू, काही जणांचं बंद, आणि चालू असणाऱ्याने लॅपटॉप रिस्टार्ट केला की त्याचंही बंद. रात्री साडेनऊला मी आणि आमचा असिस्टंट लॅपटॉप घेऊन मजल्यामजल्यावर फिरलो. बंद पडलेल्या प्रत्येक लॅपटॉपला जो आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, मिळालेला तो १९२.१६८.० ने सुरू होत होता, आणि आमच्या नेटवर्कमध्ये असा ॲड्रेस आम्ही देतच नव्हतो. मग देतंय कोण? दुसऱ्या मजल्यावर एका पलंगाखाली, रिकाम्या आंब्याच्या पेटीमागे, छान नवाकोरा राउटर लुकलुकत बसलेला.

झालेलं असं की राउटरला मागे एक वेगळी खाच असते, बहुतेक निळी, ती बाहेरून येणाऱ्या वायरीसाठी, आणि बाकीच्या चार आपल्या घरातल्या वस्तूंसाठी. या महाशयांनी भिंतीतली वायर त्या चारांतल्या एकीत खुपसली. राउटरला वाटलं हे सगळं हॉस्टेल माझंच घर, आणि तो विंगमधल्या जो मागेल त्याला ॲड्रेस वाटत सुटला. लग्नाच्या मांडवात कुणीतरी परक्याने दारात उभं राहून पाहुण्यांना भलत्याच हॉलचा पत्ता सांगावा तसं. पाहुणे जातात, तिथे ना जेवण ना नवरदेव. पोरगं बिचारं रडकुंडीला आलेलं, त्याला माहीतच नव्हतं की हे आपल्यामुळे झालंय. त्याचं स्वतःचंही नेट बंदच होतं!

आता बऱ्याच ठिकाणी स्विचमध्येच (दिव्याचं बटण नव्हे, सगळ्या खोल्यांच्या लॅनच्या वायरी जिथे जोडतात ती पेटी) याला अटकाव घातलेला असतो, असा राउटर लावला की तो सॉकेटच बंद करून टाकतात आणि मग चौघांचंही नेट जातं. म्हणून विचारल्याशिवाय नको. त्यापेक्षा तुमच्याकडे भिंतीत सॉकेट आहे हे केवढं भाग्य आहे, तो वापरा ना! साधी लॅनची वायर घ्या, कॅट सिक्स लिहिलेली, लॅपटॉपला लावा. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला लॅनची खाच नसते, त्यासाठी यूएसबीचं कन्व्हर्टर मिळतं, पाचशे ते हजारात, चौघांत दोन घेतलीत तरी भागेल.

पण सॉकेटमध्ये वायर लावूनही लाईट लुकलुकत नसेल तर आत डोकावून बघा, मोबाईलचा टॉर्च मारून. आठ बारीक सोनेरी तारा ओळीने दिसायला पाहिजेत. समुद्राजवळच्या हॉस्टेलात त्यातल्या दोनतीनवर हिरवट थर चढलेला असतो, खाऱ्या हवेची कृपा, आणि वर्षभर न वापरलेल्या सॉकेटात तर मुंग्यांनी संसार थाटलेला असतो, मी स्वतः अंडी काढलीत ब्रशने. तुम्ही पिन-बिन घालून खरवडू नका, ऑफिसात जाऊन ‘अमुक रूमच्या सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्यात, बदलून द्या’ असं लिहून द्या. आमचा असिस्टंट वायरीला नवीन टोक बसवताना आतल्या आठ तारांचे रंग ओळीने पाढे म्हटल्यासारखे पुटपुटायचा, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मध्ये कुणी हाक मारली की पहिल्यापासून. त्याला पाच मिनिटं लागायची, त्यामुळे ‘वायरिंगचं काम मोठं आहे, दिवाळीनंतर बघू’ असं कुणी सांगितलं तर गोड हसून उभे राहा.

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी फार्मसीला आहे, हॉस्टेलला राहते. फीमध्ये इंटरनेटचे वेगळे पैसे भरलेत. तरी ही दर महिन्याला मोबाईलचं मोठं रिचार्ज मागते आणि आता म्हणते लॅपटॉप नवीन पाहिजे, जुन्याला विंडोज ११ चालत नाही. लॅपटॉप तिच्या मोठ्या भावाचा आहे, चांगला चालू आहे. आमची छोटी खानावळ आहे, पैसे झाडाला लागत नाहीत. मला ही पोरगी बनवते आहे का? — एक आई, देवगड

उत्तर : ताई, लॅपटॉपबद्दल नाही बनवत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलंय, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची एक सोय आणि जरा अलीकडचा प्रोसेसर लागतो, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. भावाचा लॅपटॉप २०१८ च्या आधीचा असेल तर बहुतेक बसणार नाही. पण लगेच नवीन घ्यायलाच हवा असंही नाही. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे, ते लॅपटॉप बसतो की नाही सांगतं, आधी ते चालवायला सांगा. नाही बसला तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकायची आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घालायची, नोट्स, पीडीएफ, व्हिडिओ, ब्राउझर यांना काही फरक पडत नाही. फक्त कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालतच नसेल तर मग खर्चाला पर्याय नाही, ते तिच्या सरांनाच विचारायचं, दुकानदाराला नाही. दुकानदाराला विचारलंत तर नवीनच घ्यावा लागेल हे मी आत्ताच सांगते.

रिचार्जचं मात्र अर्धं खरं असेल. हॉस्टेलचं नेट संध्याकाळी रडलं की पोरं हॉटस्पॉट लावतात, आणि एका तासाच्या व्हिडिओ लेक्चरला अर्धा ते दीड जीबी सहज जातो, दिवसाचे दोन जीबी किती पुरणार. उरलेलं अर्धं रील्स. ते तुम्हाला पण माहितीये.

फीच्या पैशांचं विचारा की, हक्क आहे तुमचा. मात्र फोनवर भांडू नका, त्याचा कागद राहत नाही. मुलीला रेक्टरांच्या नावे साधा अर्ज करायला सांगा, पावतीची झेरॉक्स जोडून, त्यात विचारायचं की या पैशांत वेग किती, दिवसाची मर्यादा आहे का आणि तक्रार कुणाकडे करायची. एक प्रत स्वतःकडे शिक्का मारून घ्यायची. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) डाउनलोड वेग लागतो. हॉस्टेलला हा नियम जसाच्या तसा लागतो असं नाही, पण बोलताना एक आकडा हाताशी असला की समोरचा खुर्चीत जरा सरळ बसतो.

प्रश्न : दिवसा स्पीड टेस्ट लावली तर ४०-५० येतात, रात्री नऊ ते बारा दोन पण नाही. नोटीस बोर्डवर लिहिलंय ‘१०० एमबीपीएस लीज्ड लाइन’. हे फसवतात ना? पुढच्या आठवड्यात ऑनलाइन टेस्ट आहे, संध्याकाळी सातची. — वैतागलेला, गाव कणकवली

उत्तर : फसवत नाहीत, पण पूर्ण सांगतही नाहीत. लीज्ड लाइन म्हणजे कॉलेजने फक्त स्वतःसाठी भाड्याने घेतलेली लाइन. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि फाइल आपण मोजतो बाइटमध्ये, ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सगळी लाइन तुझ्या एकट्याची असली तरी सेकंदाला साडेबारा एमबीच उतरणार. आता ती समजा ८० जणांत वाट. प्रत्येकाला सव्वा एमबीपीएस. गावात एकच नळ आणि सगळ्यांनी सकाळी सहालाच हंडे लावावेत तसं आहे हे, नळाला शिव्या घालून काय होणार. त्यात प्रत्येकाचा लॅपटॉप मागे अपडेट उतरवत असतो आणि फोन दिवसभरातले फोटो वर चढवत असतो, ते कुणाच्या खिजगणतीतही नसतं. विंडोजमध्ये हॉस्टेलच्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेव, निदान तुझा लॅपटॉप तरी गुमान बसेल. मोठी डाउनलोडं पहाटे. मी पहाटे पाचला नेटवर्कचा आलेख बघितलाय, अगदी पाखरू नसतं त्यावर.

टेस्टला व्हिडिओ चालू ठेवायचा असेल तरी एक-दीड एमबीपीएसमध्ये निभतं, पण ते सलग मिळायला हवं, म्हणून वायर लाव, किंवा लायब्ररीत वा कॉम्प्युटर लॅबमध्ये बस, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी तिथे बसून बघून ये. हॉटस्पॉट तयार ठेव आणि तो दुसऱ्या कंपनीच्या सिमचा, मित्राचा वगैरे, कारण आपल्याकडे एक टॉवर गेला की त्या कंपनीचा अख्खा परिसर गप्प होतो. आणि नेट तुटलंच तर स्क्रीनवर वेळ दिसेल असा फोटो काढून लगेच सरांना पाठव. दुसऱ्या दिवशी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

प्रश्न : आमच्या हॉस्टेलला वीज चमकली की तासभर नेट गायब. माझी आजी म्हणते, “वारो सुटलो काय तुमचा नेट पळता.” मागच्या मे महिन्यात माझ्या लॅपटॉपची लॅनची खाच जळली. लॅपटॉपचं बटण तर बंद होतं! — मालवणची एक

उत्तर : बटण बंद असून काय, वायर लावलेली होती ना? तांब्याची लॅनची वायर लांबलचक कॉरिडॉरभर फिरलेली असते, जवळपास वीज पडली की त्यात दाब उसळतो आणि जो टोकाला बसलाय त्याला चटका. चार्जरचंही तेच. पावसाळ्याच्या तोंडाला आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की चार्जर आणि लॅन दोन्ही उपसायचे, नुसतं बटण पुरत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की सूचना देतं, फोनात ठेवून दे. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याला जो ॲडॉप्टर लावलेला असतो त्यातून येतेच.

तासभर नेट जातं ते बहुतेक वेळा विजेमुळे नाही, लाईटमुळे. खोल्यांना इन्व्हर्टर असतो आणि जिन्यातल्या स्विचला नसतो, किंवा असतो पण त्याची बॅटरी केव्हाची मेलेली. अंदाज घ्यायचा तर लाईट गेल्यावर जिन्यातल्या पेटीकडे बघ, दिवे लुकलुकतायत का. नसतील तर तक्रारीत तसंच लिही, ‘लाईट गेली की दुसऱ्या मजल्याचा स्विच बंद पडतो’. हे एवढं वाक्य वाचून नेटवर्कवाला थेट बॅटरी घेऊन येईल.

आजीला सांग तिचं अगदीच चूक नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे लाईट यायला कित्येक गावांत आठवडे लागले आणि मोबाईलचे टॉवर मुके झाले होते. त्यानंतर वर्षभरात मे २०२१ ला तौक्ते. तेव्हापासून मी तरी परीक्षेच्या नोट्स फक्त क्लाउडवर ठेवू देत नाही कुणाला, पेन ड्राइव्हवर एक कॉपी असू दे.

प्रश्न : मी नेटवर काय बघतो ते रेक्टरना दिसतं का? — नाव नको, गाव पण नको

उत्तर : कुठल्या साइटवर गेलास ते नेटवर्कवाल्यांना दिसू शकतं, तिथे काय वाचलंस, काय लिहिलंस ते एचटीटीपीएसच्या कुलपामुळे दिसत नाही. लॉगिन तुझ्या नावाने असतं आणि नोंदी साठवल्या जातात. रेक्टरांना यातलं बघायला वेळ नसतो, त्यांना मेसच्या तक्रारी असतात. पण आपला पासवर्ड मित्राला देऊ नकोस, त्याने काही उद्योग केला तर नोंदीत तू असशील.

प्रश्न : महिनाभर प्रोजेक्टसाठी दुसऱ्या विद्यापीठात जायचंय, तिथलं वायफाय मिळेल का? — गाव अलिबाग

उत्तर : दोन्हीकडे एज्युरोम असेल तर मिळेल. ही जगभरातल्या विद्यापीठांची आपसातली सोय आहे, भारतात अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून चालते. तुझ्याच कॉलेजचा आयडी आणि पासवर्ड तिथे चालतो, फक्त आयडी अर्धा नाही टाकायचा, पुढचं ‘ॲट’ आणि कॉलेजचं डोमेन सगळं टाकायचं. निघायच्या आधी आपल्याच कॅम्पसमध्ये जोडून बघ, तिथे जाऊन अडलं तर ते म्हणणार तुमच्याकडे विचारा आणि इथले म्हणणार तिकडे विचारा.

प्रश्न : हॉस्टेल आयटी सेलमधून बोलतोय म्हणून फोन आला, माझं नाव, रूम नंबर सगळं माहीत होतं. तुमचं वायफाय अपग्रेड करायचंय, एक ॲप टाका आणि कोड सांगा म्हणाले. मी टाकलं, कोडही सांगितला, मग स्क्रीन आपोआप हलायला लागली तेव्हा घाबरून फोनच बंद केला. आता चालू करू का? घरी सांगितलं नाहीये. — गाव सावंतवाडी

उत्तर : फोन बंद केलास ते झकास केलंस. आता चालू कर पण आधी सिम काढ आणि वायफायच्या जवळ जाऊ नकोस, चालू झाल्याझाल्या फ्लाइट मोड, मग ते ॲप काढून टाक. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळव आणि यूपीआय थांबव, ईमेलचा पासवर्ड बदल. खात्यातून काही गेलं असेल तर एक मिनिट न दवडता १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे मध्येच अडवायची शक्यता जास्त. नाव आणि रूम नंबर माहीत असण्यात काही जादू नाही, ॲडमिशनच्या याद्या ग्रुपवर फिरतात. खऱ्या आयटीवाल्याला तुझ्या फोनात शिरायची गरजच नसते, त्याला बघायचं असतं ते जिन्यातल्या पेटीत असतं. आणि खरं सांगू, आमच्यासारखे लोक स्वतःहून फोन करून ‘तुमचं वायफाय सुधारून देऊ का’ असं विचारत असते तर मला हे सदर लिहायची वेळच आली नसती.

घरी सांग. आजच सांग. ओरडतील, पण ओरडतील तेवढंच.

प्रश्न : मॅडम, मी तुमच्याच जातकुळीतला. तीन हॉस्टेलं, साडेचारशे पोरं आणि मी एकटा असिस्टंट. रात्री साडेअकराला मेसेज येतो, “सर नेट.” बस, एवढंच. सर नेट! कुठल्या रूमचं, कधीपासून, वायफाय की वायर, काही नाही. मी उत्तर दिलं नाही की ग्रुपवर माझ्या नावाचे मीम. तुमच्या सदरात पोरांना काहीतरी सांगा. — एक असिस्टंट, जिल्हा रायगड

उत्तर : दादा, “सर नेट” मी पण वाचलेत, त्याच्या पुढची पायरी म्हणजे नुसतं “सर” आणि तीन उद्गारचिन्हं.

पोरांनो, याला शिव्या घालण्याआधी पाच मिनिटं काढा. शेजारच्या रूमचं चालतंय का ते विचारा. फोन आणि लॅपटॉप दोन्हीचं बंद आहे का बघा. आयपी ॲड्रेस बघा, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुमच्या लॅपटॉपला ॲड्रेस देणारं कुणी भेटलंच नाही, म्हणजे वायर, सॉकेट नाहीतर स्विच यातलं काहीतरी. ॲड्रेस बरोबर आहे पण साइट उघडत नाही, तर बिघाड त्याच्या पुढे कुठेतरी. मग मेसेज असा टाका, “सर, बी विंग, रूम २१४, काल रात्री दहापासून वायरवर नेट नाही, वायफाय चालू आहे, आयपी १६९.२५४ दाखवतोय, शेजारच्या २१३ चंही तसंच.” असा मेसेज मला अकरा वर्षांत सातआठ वेळाच आला असेल, आणि प्रत्येक वेळी मी जेवण अर्धं टाकून गेलेय. कारण मग मला जाताना माहीत असतं की बरोबर काय न्यायचं.

आणि दादा, आता तुमच्यासाठी. गणपतीच्या सुट्टीत हॉस्टेल ओस पडतं, एक पोरगं थांबत नाही आपल्याकडे. स्विच बदलायचे, सॉकेट बदलायचे, वायरी ओढायच्या, जे काही मंजूर करून घ्यायचं असेल त्याचा कागद त्याच्या आधी पंधरा दिवस साहेबांच्या टेबलावर ठेवा. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तर तो तुमचा दोष नाही, पण तुटलीय आणि साधारण कधी जोडून होईल हे नोटीस बोर्डवर लिहा, खडूने लिहा हवं तर, निम्मे मीम तिथेच थांबतील. तुम्ही स्वतः गणपतीला गावी जाणार हे मला माहितीये, मी पण जायचे. म्हणून ठेकेदाराला कामाची यादी रूम नंबरांसकट लिहून देऊन जा आणि आल्यावर एकेक सॉकेट स्वतः तपासा, मगच सही करा.

यादी कशी करायची ते अडलं तर पत्र टाका, पण गणपती झाल्यावर. तोवर मी पण घरी असेन, आणि आमच्या वाडीत रेंज फक्त फणसाखाली येते.